चांद्याचा पिंपळ : बाबूराव शेडमाके आणि १८५८ चे अरण्ययुद्ध

#थ्रेड

१/
चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहाच्या आवारात एक पिंपळ आहे. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी या पिंपळावर एका पंचवीस वर्षांच्या तरुणाला फाशी देण्यात आली. त्यांचे नाव बाबूराव पुलेश्वर शेडमाके. ते मोलमपल्लीचे गोंड जमीनदार होते आणि स्वतः उभारलेल्या फौजेचे सेनानी होते. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात चांद्याच्या अरण्यात त्यांनी कंपनी सरकारला झुंजवले. एकाही लढाईत ते शत्रूच्या हाती लागले नाहीत. तरीही सप्टेंबरात ते पकडले गेले. कसे? हा धागा त्या प्रश्नाचा आहे. उत्तर जितके युद्धात आहे, तितकेच जमीनदारीच्या कागदपत्रांत आहे.

२/
आधी भूगोल. त्या वेळचा चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो १९८२ साली. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. आग्नेयेला इंद्रावती आणि तिच्या पलीकडे बस्तर. प्राणहितेच्या पश्चिम तीरावर निजामाचा मुलूख होता. मधल्या भागात साग, बांबू, तेंदू आणि मोह यांचे सलग रान. म्हणजे एका बाजूला कंपनीचा अंमल, दुसऱ्या बाजूला निजामाचा आणि तिसऱ्या बाजूला बस्तरच्या राजाचा. बंडखोराला निसटायला आणि सरकारला गोंधळात टाकायला ही रचना अगदी सोयीची होती.

३/
चांद्याला गोंड राजांची परंपरा होती. शहराभोवतीचा भक्कम परकोट आणि जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर हे दरवाजे त्या राजवटीची साक्ष आजही देतात. १७५१ साली नागपूरकर भोसल्यांनी हे राज्य आपल्या अमलाखाली आणले. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा लावून चांद्याचा कोट फोडला आणि किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. पुढे नागपूरचे राज्य भोसल्यांकडे कायम राहिले. पण त्याची खरी दोरी इंग्रज रेसिडेंटच्या हाती गेली. बाबूरावांच्या आजोबांच्या पिढीने हा पाडाव पाहिला होता.

४/
११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले वारले. त्यांना औरस पुत्र नव्हता. डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आर. एस. एलिस हा चांद्याचा पहिला डेप्युटी कमिशनर म्हणून रुजू झाला. नागपूरच्या राजवाड्यातील हत्ती, घोडे आणि जडजवाहीर लिलावात निघाले, ही गोष्ट पुष्कळांनी वाचलेली असते. चांद्याच्या रानात मात्र त्या खालसाचा अर्थ वेगळा होता आणि तो जास्त खोल गेला.

५/
रानातील जमीनदार म्हणजे मैदानी मुलखातील सारावसूल करणारा पाटील नव्हे. गोंड राजांच्या काळापासून हे जमीनदार आपापल्या टापूत जवळजवळ राजेच होते. वरच्या सत्तेला ठरलेली ‘टाकोळी’ भरायची, बोलावणे आले की माणसे घेऊन जायचे. बाकी न्यायनिवाडा, बंदोबस्त, रानाचे उत्पन्न आणि रस्त्यांवरची जकात हे सारे त्यांच्या हाती. भोसल्यांनीही या घडीला फारसा हात लावला नाही. कारण या रानात शिरून वसुली करणे त्यांनाही परवडणारे नव्हते.

६/
या जमीनदारांतही उतरंड होती. सर्वांत मोठी जमीनदारी अहेरीची. मोलमपल्लीची जमीनदारी लहान, अहेरीच्या छायेतली. अडपल्ली-घोटची त्यांहून स्वतंत्र आणि बरीच मोठी. ही उतरंड लक्षात ठेवावी. धाग्याच्या शेवटी तिचा संबंध येणार आहे. कंपनीचे राज्य आले तेव्हा या सगळ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहिला. आपला हक्क वंशपरंपरेचा आहे की सरकारच्या मर्जीचा? नागपूरच्या राजालाच दत्तकाचा हक्क नाकारला गेला असेल, तर मोलमपल्लीच्या जमीनदाराची काय कथा!

७/
आणखी एक वर्ग अस्वस्थ होता. राज्य खालसा होताच भोसल्यांच्या फौजेची जुनी व्यवस्था मोडली. काही शिपाई कंपनीच्या नव्या ‘नागपूर इर्रेग्युलर फोर्स’मध्ये घेतले गेले, बाकीचे घरी बसले. रोहिल्यांसारखे पगारी लढवय्ये चाकरीच्या शोधात नागपूर आणि हैदराबादच्या मुलखांत फिरत होते. त्यांच्यापाशी हत्यारे होती आणि लढाईचा अनुभव होता. नव्हता तो धनी. १८५८ च्या युद्धात हे रोहिले दोन्ही बाजूंना दिसतात, त्याचे मूळ येथे आहे.

८/
आता बाबूराव. परंपरेनुसार त्यांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजी आजच्या अहेरी तालुक्यातील किष्टापूर येथे झाला. वडील पुलेश्वरबापू, आई जुर्जाकुंवर. लहानपणी गोटुलात भाषा, नाच, गाणी, शिकार आणि शस्त्र यांचे शिक्षण झाले. पुढे वडिलांनी त्यांना रायपूरला इंग्रजी शाळेत धाडले, असे चरित्रकार सांगतात. पत्नी राजकुंवर. ऐन तारुण्यात त्यांच्यावर जमीनदारीची जबाबदारी आली. गोटुल आणि इंग्रजी शाळा या दोन्हींतून गेलेला तरुण त्या काळच्या रानात विरळाच होता. राज्यकर्त्यांची रीत त्याला जवळून ठाऊक होती.

९/
जून १८५७. मेरठ-दिल्लीची बातमी नागपूरला पोहोचली होती. टाकळीच्या छावणीतील घोडदळाने १३ जूनच्या रात्री उठायचे ठरवले. पायदळ सामील झाले तरच बेत तडीस जाणार होता. म्हणून दफेदार दिलदार खान पायदळाच्या लाइनीत गेला आणि तेथेच पकडला गेला. कट फसला. घोडदळाची हत्यारे काढून घेण्यात आली आणि कटाच्या पुढाऱ्यांना फाशी झाली. भोसले घराण्यातील वयोवृद्ध बांकाबाई कंपनीच्या बाजूने राहिल्या. नागपूर शांत झाले. विदर्भात कवायती फौजेचा उठाव असा एका रात्रीत विझला. जो पेटला तो फौजेबाहेरचा होता.

१०/
भोवतालच्या गोंडवनातही धग होती. १८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपुरात गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्यातील शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना तोफेच्या तोंडी दिले गेले. १० डिसेंबरला रायपुरात सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना फाशी झाली. १८ जानेवारी १८५८ रोजी त्याच रायपुरात हनुमानसिंहाने सार्जंट-मेजर सिडवेलला ठार केले आणि चारच दिवसांनी त्याच्या सतरा साथीदारांना फाशी देण्यात आली. ज्या शहरात बाबूराव शिकले असे सांगतात, तेथेच हे घडत होते.

११/
बाबूरावांनी २४ सप्टेंबर १८५७ रोजी ‘जंगोम सेना’ उभी केली, असे परंपरा सांगते. ‘जंगोम’ हा गोंडी शब्द जागृतीचा अर्थ सांगतो. आरंभी सुमारे पाचशे आदिवासी तरुण, पुढे त्यांना रोहिले येऊन मिळाले. हत्यारे म्हणजे धनुष्यबाण, भाले, कुऱ्हाडी, तलवारी आणि काही तोड्याच्या बंदुका. सप्टेंबर ते फेब्रुवारी हे महिने जमवाजमवीत गेले. त्यांनी उठावासाठी मार्च निवडला हेही पाहण्यासारखे आहे. नद्या उतरलेल्या असतात, वाटा मोकळ्या असतात, मोह वेचायला सारा गाव रानात असतो. माणसांचे जाणेयेणे कोणाच्या नजरेत भरत नाही.

१२/
७ मार्च १८५८. जंगोम सेनेने राजगड परगणा ताब्यात घेतला. परगण्याचा कारभार पाहणारा रामजी गट्टा मारला गेला. राजगड थेट कंपनीच्या ताब्यातला मुलूख होता. त्यामुळे हा जमीनदारांचा आपसातला तंटा राहिला नाही, सरकारविरुद्धचे उघड बंड ठरले. चांद्याचा त्या वेळचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन डब्ल्यू. एच. क्रिक्टन. त्याने तातडीने फौज पाठवली. १३ मार्चला नांदगाव-घोसरी येथे गाठ पडली आणि लोकपरंपरेनुसार सरकारी तुकडीला मोठे नुकसान सोसून माघार घ्यावी लागली.

१३/
याच महिन्यात अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव बाबूरावांना येऊन मिळाले. ही घटना लढाईतल्या विजयाहून मोठी होती. मोलमपल्लीची गावे २४, व्यंकटरावांची ६७. एका लहान जमीनदाराच्या बंडाला आता धान्य, माणसे आणि विस्तृत मुलूख मिळाला. दोघांनी मिळून गोंड आणि रोहिल्यांची मोठी जमात उभी केली. क्रिक्टनच्या दृष्टीने हा खरा धोका होता. आज दोन जमीनदार एकत्र आले. उद्या अहेरी गेली तर प्राणहितेपासून इंद्रावतीपर्यंत कंपनीचे नाव घेणारा कोणी उरणार नव्हता.

१४/
गढी सुर्ल्याची टेकडी हे या फौजेचे ठाणे झाले. २० मार्चला पहाटे सरकारी फौजेने टेकडी घेरली. वर चढणाऱ्या शिपायांवर जंगोम सेनेने दगडगोटे लोटले आणि बाणांचा मारा केला. टेकडी हाती आली नाही. सह्याद्रीतील गडकोटांचा इतिहास वाचणाऱ्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. दारूगोळा कमी असेल तेव्हा उंची हेच हत्यार असते.

१५/
येथे थोडे थांबून लष्करी बाजू पाहू. १८५७-५८ मध्ये उत्तर हिंदुस्थानात इंग्रजांना यश मिळवून दिले ते तोफखान्याने, एनफील्ड रायफलीने आणि पाठलाग करणाऱ्या घोडदळाने. पराभूत फौज पळू लागली की स्वार तिला मोकळ्या मैदानात कापून काढत. अहेरीकडच्या रानात यांतले काहीच चालत नव्हते. बांबूच्या बेटांत स्वाराला दौड घेता येत नाही, तोफेचे गाडे ओढायला सडक नाही आणि दूरवर मारा करणाऱ्या रायफलीला दूरवरचे दिसतच नाही. पाठलाग करणे सोडाच, पळालेला माणूस कोणत्या नाल्याने गेला हेच कळत नसे.

१६/
त्यातच एप्रिलचे ऊन. पाणी मोजक्या झऱ्यांना आणि डोहांना. ते कोठे हे गावकऱ्यांनाच ठाऊक. सरकारी तुकडी ज्या गावात शिरे तेथे धान्य दडवलेले आणि वाटाड्या गायब. १९ एप्रिलला सगणापूर आणि २७ एप्रिलला बामनपेठ येथे आणखी चकमकी झाल्या. जंगोम सेना मोडली नाही. ‘गनिमी कावा’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यामागचे व्यवहार विसरतो. तो चालतो तो गावाच्या भरवशावर. ज्या दिवशी गाव उलटेल, त्या दिवशी तो संपतो.

१७/
२९ एप्रिलच्या रात्री बंडखोरांनी प्राणहितेकाठच्या चिंचगुडी येथील तारायंत्र खात्याच्या छावणीवर हल्ला केला. गार्टलंड आणि हॉल हे दोन युरोपीय कर्मचारी मारले गेले. पीटर नावाचा तिसरा निसटला. तोवरच्या लढायांत शिपाई पडले होते. आता युरोपीय मारले गेले. सरकारी दप्तरात या युद्धाची नोंद ठळक होते ती या रात्रीमुळे.

१८/
तारायंत्रावर हल्ला का? मे १८५७ मध्ये मेरठच्या उठावाची बातमी तारेने पंजाबात पोहोचली, म्हणूनच तेथील पलटणींची हत्यारे वेळेत काढून घेता आली. बातमी आधी कोणाला मिळते यावर त्या वर्षी राज्ये तरली आणि बुडाली. म्हणून उठाववाल्यांनी ठिकठिकाणी तारा तोडल्या. चिंचगुडीचा हल्ला त्या अर्थाने युद्धाच्या तर्कात बसतो. पण मारले गेलेले दोघे लढवय्ये नव्हते, खात्याचे नोकर होते. ही गोष्टही तितक्याच स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. वीराची गोष्ट सांगताना अडचणीची पाने गाळली की इतिहास उरत नाही, पोवाडा उरतो.

१९/
चिंचगुडीनंतर क्रिक्टनने डाव बदलला. रानात बाबूरावांना फौज गाठू शकत नाही हे दोन महिन्यांत सिद्ध झाले होते. त्याने बाबूरावांना पकडून देणाऱ्याला एक हजार रुपयांचे इनाम जाहीर केले आणि त्याच वेळी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले. बंडखोरांचा मुलूख अहेरीच्या भोवतालचा, वाटा अहेरीच्या, मोलमपल्ली अहेरीच्या छायेतली. तेव्हा सरकारने त्यांच्याकडे सहकार्य मागितले. ते नाकारले तर त्या बंडात सामील धरल्या जाण्याचा धोका होता.

२०/
लक्ष्मीबाईंचे नाव आले की लोकस्मृती एकाच शब्दात निवाडा करते : फितुरी. तो शब्द पुसण्याचे कारण नाही. परिणाम तोच झाला. पण १८५८ च्या मे-जूनमध्ये त्यांच्यासमोर काय होते तेही पाहावे. झाशी एप्रिलात पडली होती. जूनमध्ये ग्वाल्हेरही गेले. शंकरशाह आणि नारायणसिंह यांची गत साऱ्या गोंडवनात माहीत झाली होती. एकीकडे हाताखालच्या जमीनदाराने आपल्याला न जुमानता उभारलेले युद्ध, दुसरीकडे जमीनदारी जप्त होण्याची भीती. नागपूरच्या राजवाड्याने वर्षापूर्वी जो मार्ग निवडला, तोच अहेरीच्या वाड्याने निवडला.

२१/
नारायणसिंहांच्या बाबतीतही हेच घडले होते. सोनाखानविरुद्ध शेजारच्या जमीनदारांची मदत कंपनीला मिळाली. कंपनीच्या राजनीतीचे हे जुने सूत्र आहे. फौजेने जे साधत नाही ते वारसाहक्काने, सनदेने आणि शेजाऱ्याच्या भीतीने साधायचे. वीस-पंचवीस गावांचा जमीनदार उठला की त्याहून मोठ्या जमीनदाराला दोन वाटा दाखवायच्या : मदत केलीस तर त्याची गावे तुझी, नाही केलीस तर तुझीही आमची.

२२/
पावसाळा सुरू झाला. नद्या भरल्या, वाटा बंद झाल्या आणि मार्चमध्ये जी मोकळीक बंडखोरांना होती ती संपली. बाबूराव इंद्रावतीच्या बाजूला भोपालपट्टणमकडे सरकले. जुलैमध्ये तेथे रोहिल्यांच्या एका टोळीने त्यांना पकडले. पण बाबूरावांनी त्यांचे मन वळवले आणि ते सुटले. पकडणारेही पगारी लढवय्ये. बाबूरावांच्या फौजेत त्यांचेच जातभाई होते. हा एकच प्रसंग त्यांच्या स्वभावाची थोडी ओळख करून देतो. शत्रूच्या हाती सापडल्यावर त्यालाच समजावून बाहेर पडणारा हा सेनानी होता.

२३/
दुसऱ्या वेळी सुटका झाली नाही. १८ सप्टेंबर १८५८ रोजी लक्ष्मीबाईंच्या माणसांनी बाबूरावांना धरले आणि सरकारच्या स्वाधीन केले. जबलपूरला शंकरशाह आणि रघुनाथशाह यांना तोफेच्या तोंडी दिल्याला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते. जंगोम सेनेच्या स्थापनेला वर्ष पूर्ण व्हायला सहा दिवस उरले होते. त्यांना चांद्याला आणण्यात आले.

२४/
उठावाच्या काळात कंपनी सरकारने खास कायदे करून अधिकाऱ्यांना बंडाचे खटले झटपट चालवण्याचे आणि जबर शिक्षा देण्याचे अधिकार दिले होते. बाबूरावांचा खटलाही लांबला नाही. पकडल्यापासून फाशीपर्यंत तेहतीस दिवस. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात पिंपळावर त्यांना फाशी देण्यात आली. त्या दिवशी त्यांचे वय पंचवीस वर्षे, सात महिने आणि नऊ दिवस.

२५/
अकरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १८५८ रोजी, राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा ठिकठिकाणी वाचला गेला. कंपनीचे राज्य संपले. हत्यार टाकणाऱ्यांना माफी जाहीर झाली. मात्र इंग्रज प्रजाजनांच्या खुनात प्रत्यक्ष भाग घेतल्याचे सिद्ध झालेल्यांना तीतून वगळले होते. चिंचगुडीची रात्र त्या वगळण्यातच येत होती. म्हणून ‘अकरा दिवस आधी’ ही हळहळ स्वाभाविक असली तरी तिच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. याच सुमारास, ऑक्टोबरच्या अखेरीस, तात्या टोपे नर्मदा ओलांडून नागपूरच्या मुलखाकडे आले. तोवर चांद्याचे रान नेतृत्वहीन झाले होते.

२६/
व्यंकटराव बस्तरमध्ये निसटले. दीड वर्षाने, एप्रिल १८६० मध्ये, बस्तरच्या राजाने त्यांना पकडून इंग्रजांच्या हवाली केले. त्यांना जन्मठेप झाली आणि जमीनदारी जप्त झाली. येथेही तोच नमुना : पकडणारा दुसरा देशी सत्ताधीश. बक्षीस म्हणून लक्ष्मीबाईंना व्यंकटरावांची ६७ गावे आणि बाबूरावांची २४ गावे मिळाली. एकूण ९१. क्रिक्टनने जाहीर केलेल्या हजार रुपयांपेक्षा हा आकडा या युद्धाचा निकाल जास्त अचूक सांगतो.

२७/
आता कागदपत्रांविषयी. मेजर ल्यूसी स्मिथने १८६९ साली चांदा जिल्ह्याच्या जमीन महसुलाचा अहवाल लिहिला. पुढे १९०९ चे जिल्हा गॅझेटियर आले. या लेखनात बाबूराव म्हणजे राजगड परगणा लुटणारा एक लहानसा बंडखोर जमीनदार. त्यांच्या हेतूंबद्दल, भाषेबद्दल, माणसांबद्दल तेथे शब्द नाही. नोंद आहे ती महसुलाच्या अंगाने, कारण या बंडामुळे ९१ गावांचा धनी बदलला होता. राज्यकर्त्यांच्या दप्तरात बाबूराव टिकले ते मुख्यतः यासाठी.

२८/
दुसरे दप्तर गोंडी आणि माडिया पाड्यांतले. तेथे ते वीर बाबूराव आहेत. त्यांच्या अंगी दैवी बळ होते, फासाचा दोर पुन्हापुन्हा तुटला, साध्या मार्गाने त्यांना मारणे सरकारला जमले नाही, अशा आख्यायिका सांगितल्या जातात. या कथा घटना म्हणून तपासायच्या नसतात. ज्या माणसाला लढाईत कोणी हात लावू शकला नाही त्याला झाडाला लटकवण्यात आले, ही गोष्ट समाजाला किती अशक्य वाटली, याचे त्या पुरावे आहेत. सरकारी कागदाने जे लिहिले नाही ते त्यांनी जपून ठेवले.

२९/
दोन्ही दप्तरे शेजारी ठेवली की एक चित्र स्पष्ट होते. जंगोम सेना शस्त्रांत कमी होती. पण तिला हरवले ते शस्त्रांनी नव्हे. तिच्यामागे मोलमपल्ली होती आणि अडपल्ली-घोट होते, अहेरी नव्हती. रानातला गनिमी कावा गावांवर उभा असतो आणि गावे जमीनदारीच्या उतरंडीत बांधलेली होती. क्रिक्टनला रानाच्या वाटा कळल्या नाहीत. उतरंड मात्र नेमकी कळली. बाबूरावांनी राज्यकर्त्यांना ओळखले होते; राज्यकर्त्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांना ओळखले.

३०/
आज भारतीय टपाल खात्याच्या तिकिटावर बाबूराव शेडमाके आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीत त्यांच्या नावाचे चौक आहेत, पुतळे आहेत. दर वर्षी २१ ऑक्टोबरला कारागृहातील त्या पिंपळाशी माणसे जमतात. दूरच्या पाड्यांवरूनही येतात. १८५७ चा नकाशा आपण मेरठ, कानपूर, लखनौ, झाशी असा काढतो. त्यात प्राणहितेचा काठ, गढी सुर्ल्याची टेकडी आणि चांद्याचा हा पिंपळ मांडला, की तो उठाव छावण्यांच्या आणि राजवाड्यांच्या बाहेर किती दूरवर पोहोचला होता ते दिसू लागते.

(समाप्त)